हळकुंडाचा पिवळा रंग आणि गंधकाचा चिमटा

तायांनो, हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन घरात यायला लागली की आपल्या जिल्ह्यात बचत गटांचीही लगबग सुरू होते. कुणी हळकुंडं घेऊन ठेवतं, कुणी कांडप यंत्र दुरुस्तीला काढतं, कुणी पाकिटं छापायला टाकतं. हिंगोलीचं संत नामदेव हळद मार्केट, वसमतचा बाजार आणि 2024 मध्ये वसमत हळदीला मिळालेलं भौगोलिक मानांकन, यामुळे आपल्या हळदीला बाहेर नाव आहे. त्या नावावरच आपली पाव किलोची पाकिटं विकली जातात.

पण प्रदर्शनात स्टॉल लावला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "ताई, तुमची हळद फिक्की दिसती. त्या बाजूच्या स्टॉलवरची बघा, कशी पिवळीधम्मक हाय." मग गटाच्या बैठकीत विषय निघतो, थोडा रंग लावला तर काय बिघडतं? बाजारात लावतातच ना लोक. काय बिघडतं तेच इथं सांगायचं आहे. पण ते नीट सांगायचं तर आधी गंधकाकडे जावं लागेल. हळदीच्या लेखात गंधक कशाला, असं वाटेल. थोडा धीर धरा.

गंधक म्हटलं की आपल्याला भुरीवर मारायची पिवळी भुकटी आठवते. पण गंधक आपल्या घरात रोज हजर असतो, वेगळ्या रूपात. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं ते कांद्यातल्या गंधकाच्या एका पदार्थामुळे. लसणाचा वास गंधकाचा. नासक्या अंड्याचा वास गंधकाचा. चुलीत केसांचा गुंता पडला तर जो करपट वास सुटतो तोही गंधकाचाच. शंभर ग्रॅम केसांत चार-पाच ग्रॅम गंधक असतो. पीक जमिनीतून गंधक घेतं आणि त्यापासून प्रथिनं बनवतं, ती डाळी-भाकरीतून आपल्या पोटात येतात, आणि त्याचेच केस, नखं, रक्त, मांस होतात.

आता तुमच्या पायातली जोडवी बघा. चांदीची जोडवी, पैंजण काळी पडतात. घासली की उजळतात, पुन्हा काळी होतात. ती मळानं काळी होत नाहीत. हवेतला, घामातला गंधक चांदीला जाऊन चिकटतो आणि वर काळा थर बसतो. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा ठेवून बघा, थोड्या वेळात काळपट होईल. गंधकाला काही धातूंची ओढ आहे आणि त्या धातूंनाही गंधकाची. ही ओढ साधी नाही. एकदा धरलं की सहजासहजी सोडत नाहीत.

सगळ्या धातूंशी गंधकाचं असं जमत नाही. मिठातलं सोडियम, चुन्यातलं कॅल्शियम गंधकाकडे फारसं बघतही नाहीत. जस्त आणि तांबं बऱ्यापैकी धरतात. आणि सगळ्यात घट्ट मिठी मारणारे कोण? पारा, शिसं, कॅडमियम आणि सोमल म्हणजे आर्सेनिक. नेमके विषारीच. आपल्याकडच्या वैद्यांना पाऱ्याचं हे फार पूर्वीपासून माहीत होतं. पारा आणि गंधक एकत्र खलत बसलं की पळता पारा थांबतो आणि काळी भुकटी होते, तिला ते कज्जली म्हणतात.

सजीवांमधल्या पदार्थांत गंधक बहुतेक वेळा साखळीच्या टोकाला असतो आणि त्याला एक हायड्रोजन लटकलेला असतो. या जोडीला शास्त्रज्ञ थायॉल म्हणतात. पण तिचं जुनं नाव जास्त बोलकं आहे. डेन्मार्कच्या झाइझे नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं 1830 च्या दशकात अशा पदार्थांना मर्कॅप्टन म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो, पारा पकडणारा. शिसं किंवा पारा जवळ आला की हायड्रोजन बाजूला होतो आणि त्या जागी धातू बसतो. असे दोन-तीन गंधक जवळजवळ असले तर धातू सांडशीत धरलेल्या पातेल्यासारखा पक्का बसतो.

हे सगळं आपल्या रक्तात कसं घडतं ते बघू, कारण खरं दुखणं तिथं आहे.

रक्त लाल करणारा पदार्थ म्हणजे हिमोग्लोबिन. तपासणीत ताई तुमचं बोट टोचते आणि "नऊ आलं, लोहाच्या गोळ्या घ्या" म्हणते, ते हेच. शरीर ते टप्प्याटप्प्यानं बनवतं. सुरुवातीच्याच एका टप्प्यावर एक प्रथिन काम करतं. त्या प्रथिनाच्या मधोमध जस्ताचा एक कण असतो आणि त्याला तीन गंधकांनी धरून ठेवलेलं असतं. जस्त जागेवर असेल तरच त्या प्रथिनाचं काम चालतं. आता रक्तात शिसं आलं. गंधकाला जस्तापेक्षा शिसं अधिक घट्ट धरतं. ते येऊन जस्ताला उठवतं आणि स्वतः तिथं बसतं. बसतं, पण काम काही करत नाही. म्हणजे खुर्ची अडवली आणि कामही बंद. शिशानं रक्त कमी होतं त्याचं हे एक मोठं कारण. लोहाची गोळी चालू आहे, पण कारखान्यातली एक जागाच अडलेली आहे.

इथं गैरसमज नको. आपल्याकडच्या बायांचं रक्त कमी असतं ते बहुतेक वेळा लोह कमी पडल्यानंच. गोळ्या बंद करायच्या नाहीत. उलट, ज्या बाईच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असतं तिचं आतडं शिसं जास्त ओढून घेतं. म्हणजे जी आधीच अशक्त तिच्यावरच दुसरा घाव. गोळ्या नियमित घेऊनही महिनोनमहिने रक्त वाढत नसेल तर डॉक्टरांना शिशाबद्दल जरूर विचारा. रक्तातलं शिसं मोजणारी तपासणी असते.

शिसं तेवढ्यावर थांबत नाही. त्याचं रूप कॅल्शियमच्याही जवळ जाणारं आहे, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं, दहा-वीस वर्षं, तिथं राहतं. बाई गरोदर राहिली की बाळासाठी आईच्या हाडांतलं कॅल्शियम निघतं, आणि त्याच्याबरोबर साठलेलं शिसंही निघतं. ते नाळेतून बाळापर्यंत पोचतं. मुलीनं लहानपणी खाल्लेलं शिसं तिच्या लेकराला मिळू शकतं, इतकी ही लांबची उधारी आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, शिकण्यात मागे पडणं, चिडचिड, लक्ष न लागणं. बाहेरून काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही. 2020 मध्ये युनिसेफनं प्युअर अर्थ या संस्थेबरोबर एक अहवाल काढला. त्यात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात काळजी करावी इतकं शिसं असल्याचा अंदाज दिला आहे, आणि त्यातली सर्वात जास्त मुलं भारतातली आहेत.

आता या पिवळ्या रंगाकडे येऊ. हळकुंडाला चकाकी यावी म्हणून लावला जाणारा स्वस्त, ऊन लागलं तरी न उडणारा पिवळा रंग म्हणजे लेड क्रोमेट. हा ऑइल पेंटमध्ये घालायचा रंग. त्यात वजनानं 64 टक्के शिसं असतं. हळदीचा स्वतःचा पिवळेपणा कुरकुमीनचा असतो, त्यात कुठलाच धातू नसतो.

शिसं हळदीत जमिनीतूनच येत असेल, असंही कुणाला वाटेल. बांगलादेशात याचा माग काढला गेला. शास्त्रज्ञांनी शेतातली माती, ओली हळद, वाळलेली हळद, गिरणीतली पूड असं सगळं तपासलं. गोष्ट पॉलिशच्या ड्रमपाशी येऊन थांबली. ही पद्धत तिथं कशी सुरू झाली ते वाचून मला आपल्या अवकाळीची आठवण झाली. 1980 च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजली, हळकुंडं काळपट पडली, भाव मिळेना. मग कुणीतरी पिवळी पूड चोळली. माल खपला. पुढच्या वर्षी भिजली नव्हती तरी चोळली. शेवटी गिऱ्हाइकाला तोच रंग खरा वाटायला लागला. आपल्याकडं मार्चमध्ये शिजवलेली हळद खळ्यावर असताना पाऊस येतो तेव्हा हाच मोह होतो.

2019 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि तिथल्या सरकारनं हालचाल केली. वर्तमानपत्रांतून सूचना दिल्या, बाजारात भिंतीवर कागद लावले, ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड टाकून रंगवलेला माल जप्त केला, व्यापाऱ्यांना दंड केला. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, 2021 मध्ये ते शून्यावर आलं. हळद गिरणीत काम करणाऱ्यांच्या रक्तातलं शिसंही साधारण 30 टक्क्यांनी उतरलं. कांडप यंत्रावर बसणाऱ्या तायांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. रंगवलेली हळद दळताना उडणारी धूळ आधी दळणारीच्याच नाकातोंडात जाते.

2024 मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका या देशांतल्या 23 शहरांचा अभ्यास आला. 356 नमुन्यांपैकी 14 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. म्हणजे बहुतेक हळद स्वच्छच होती, हे विसरू नका. पण पाटण्याच्या काही नमुन्यांत दर किलोला 1000 मिलिग्रॅमच्याही वर शिसं निघालं. आपल्या देशात हळदीत शिशाची मर्यादा आहे किलोला 10 मिलिग्रॅम, आणि लेड क्रोमेट तर अजिबात चालत नाही.

हे आकडे स्वयंपाकघरात आणून बघा. एका वेळच्या भाजीला चमचाभर, समजा तीन ग्रॅम हळद घातली. किलोला 1000 मिलिग्रॅम शिसं असलेली हळद असेल तर पातेल्यात तीन मिलिग्रॅम शिसं गेलं. पाच माणसं जेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला 0.6 मिलिग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी दिवसाला जी मर्यादा धरली आहे ती 0.0088 मिलिग्रॅम आहे. जवळपास सत्तर पट झालं, एका जेवणात. आणि एवढं शिसं यायला हळदीच्या एका क्विंटलला लेड क्रोमेट किती लागतं? दीडशे ग्रॅमच्या आसपास. दोन-तीन मुठी. मर्यादा ओलांडायला तर क्विंटलमागे दोन ग्रॅम पुरेत, चिमूटभर म्हणा. म्हणून "थोडासाच लावला" याला काही अर्थ नाही.

शिजवल्यानं जाईल का? नाही. शिसं हा मूळ धातू आहे, तो जळत नाही, उकळून उडत नाही. धुतल्यानं वरचा रंग थोडा निघेल, बाकीचा फटीत राहतो. पाण्यात हा रंग विरघळत नाही, पण पोटातल्या आम्लात त्यातला काही भाग विरघळतो.

मग निसर्गानं यावर काहीच केलं नाही का? केलं आहे, आणि तेही गंधकाच्याच जोरावर. झाडाच्या मुळाशी कॅडमियम किंवा शिसं आलं की झाड गंधकाचे लहान-लहान तुकडे ओवून एक माळ तयार करतं. ही माळ धातूला गुंडाळते आणि त्याला पेशीच्या कोठडीत नेऊन ठेवते. आपल्या यकृतात आणि मूत्रपिंडात असंच एक प्रथिन आहे. ते पहिल्यांदा 1957 मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडातून वेगळं केलं गेलं. त्याच्या साठेक कड्यांपैकी वीस कड्या गंधकाच्या आहेत, म्हणजे धातू धरायलाच जणू ते बनवलेलं. याशिवाय ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा पदार्थ आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत फिरत असतो, त्याच्याही टोकाला गंधक आहे.

जमिनीतही हा चिमटा आहे. शेणखत, कंपोस्ट, पालापाचोळा कुजून जो काळा भाग मातीत मुरतो त्यात गंधकाची ही टोकं असतात. पारा, शिसं असे धातू त्यांना चिकटून राहतात आणि पाण्याबरोबर विहिरीकडे जायला वेळ लागतो. नाल्याच्या तळाचा काळा, घाण वास येणारा गाळ बघितला असेल. तिथं हवा पोचत नाही. जिवाणू गंधकाचा वायू सोडतात आणि धातू त्याला मिळून काळे, न विरघळणारे कण होतात. पण धरून ठेवणं म्हणजे नाहीसं करणं नव्हे. असा गाळ उपसून उन्हात टाकला, हवा लागली, की धातू पुन्हा सुटू लागतात. म्हणून गाळ कुठला आहे ते बघून शेतात घालावा. कारखान्याच्या सांडपाण्याचा असेल तर नकोच.

शरीराचा चिमटा कमी पडला तर डॉक्टर बाहेरून चिमटा देतात. याची कथा लढाईतली आहे. दुसऱ्या महायुद्धात सोमलाच्या विषारी वायूची भीती होती. तेव्हा ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी विचार केला की सोमल अंगातल्या गंधकाला धरतो, तर त्याला आपणच जास्त चांगला गंधक देऊ. त्यांनी शेजारी-शेजारी दोन गंधक असलेलं औषध बनवलं, डायमरकॅप्रॉल. ते शेंगदाण्याच्या तेलात मिसळून स्नायूत खोल टोचतात आणि चांगलंच दुखतं. पुढे त्याच घडणीचं, तोंडानं घ्यायचं सक्सिमर आलं. ते शिशाला दोन्ही बाजूंनी धरून लघवीवाटे बाहेर नेतं. या उपचाराला किलेशन म्हणतात, ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून. नाव अगदी चपखल आहे.

पण हे औषध दवाखान्यात, रक्त तपासूनच देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सूचनेप्रमाणे लहान मुलाच्या रक्तात दर डेसिलिटरला 45 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असेल तर हा उपचार द्यावा. त्याखाली असेल तर मुख्य काम एकच, शिसं कुठून येतंय ते शोधून ते बंद करणं. आणि औषध रक्तातलं शिसं काढतं, हाडांत मुरलेलं सगळं काढत नाही. मेंदूचं झालेलं नुकसानही भरून निघत नाही.

आता कुणी म्हणेल, लसणात गंधक आहे ना, मग रोज चार पाकळ्या खाल्ल्या की झालं. लसूण खा, अंडं खा, वरणासोबत ज्वारीची भाकरी खा. डाळीत गंधकाची प्रथिनं कमी असतात, ती ज्वारीत तुलनेनं बरी असतात, दोन्ही मिळून शरीराचा स्वतःचा चिमटा तयार होतो. हिरव्या भाज्या आणि दूध यांनी लोह-कॅल्शियम मिळालं की आतडं शिसं कमी ओढतं. पण रंगवलेली हळद खाऊन वर लसूण खाणं म्हणजे गळका हौद भरत बसणं. शरीर साफ करून देतो म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांच्या नादी लागू नका. धातूची भस्मं तर स्वतःच्या मनानं मुळीच घेऊ नका.

गटानं काय करायचं, तेवढं सांगते. शक्यतो हळकुंड आपल्याच गावच्या शेतकरी ताईकडून, पॉलिश व्हायच्या आधी किंवा आपल्यासमोर पॉलिश होताना घ्यावं. पॉलिश म्हणजे ड्रममध्ये घासून वरची साल काढणं, त्याला रंगाची गरज नसते. बाहेरून माल घ्यावा लागला तर दोन-चार हळकुंडं काचेच्या ग्लासात साध्या पाण्यात टाकून बघा. भेसळ नसलेलं हळकुंड लगेच रंग सोडत नाही. रंग लावलेलं असेल तर पाणी लगेच पिवळं होतं. ही पद्धत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानंच दिली आहे. ड्रममधून काढलेल्या हळकुंडावर हात फिरवल्यावर तळहात झळझळीत पिवळा झाला तरी शंका घ्या. मात्र पाण्याच्या परीक्षेत थोडं शिसं कळत नाही. म्हणून हंगामात एकदा तरी पुडीचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा आणि अर्जात स्पष्ट लिहा, शिसं किती आणि लेड क्रोमेट आहे की नाही. नुसती "हळद तपासणी" लिहिलं तर ओल आणि राख मोजून मोकळे होतील. खर्च एका गटाला जड जातो, पण एकाच लॉटची हळद घेणाऱ्या चार-पाच गटांनी मिळून एक नमुना पाठवला तर पाकिटामागे काही पैसेच पडतात. लॉट वेगळा असेल तर नमुनाही वेगळा, तिथं काटकसर करू नका.

अहवाल आला की त्याची प्रत लॅमिनेट करून स्टॉलवर टांगा. "फिक्की दिसती" म्हणणाऱ्या बाईला एक ग्लास पाणी आणि दोन हळकुंडं दाखवा, आपली आणि तिच्या पिशवीतली. बोलणं लांबवायची गरज पडत नाही.

घरात शिसं येण्याच्या दुसऱ्याही वाटा आहेत. देवाला लावायचा नारिंगी शेंदूर पुष्कळदा शिशाचाच असतो, तो लेकरांच्या हाताला आणि कपाळाला नको. जुन्या बॅटऱ्या घराजवळ फोडू देऊ नका, त्यातल्या शिशाची धूळ अंगणात बसते. कल्हईवाला आला तर कथील शुद्ध आहे का ते विचारा. ऑइल पेंटचे पापुद्रे निघत असतील तर रांगत्या मुलाला तिथं सोडू नका.

आणि मागच्या हंगामातला माल शिल्लक असेल, त्याला रंग लावलेला होता असा संशय असेल, तर तो चांगल्या मालात मिसळून पातळ करायचा विचार कुणी मांडेल. क्विंटलमागे दोन ग्रॅमचा हिशेब वर दिलाच आहे. असा माल वेगळा बांधून ठेवा, तपासा, शिसं निघालं तर अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे नष्ट करा. उकिरड्यावर टाकू नका, तिथून तो खतात आणि खतातून पुन्हा शेतात जाईल. झालेला तोटा प्रभाग संघाच्या बैठकीत मांडा.